घरातील आणि कामाच्या जागेतील विजेचे धोके कसे टाळावेत: ठाणे व नवी मुंबईतील रहिवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

वायरिंगमधला सर्वांत घातक दोष सहसा लक्षात येत नाही, कारण त्यामुळे घरातले काहीच बंद पडत नाही. अर्थिंगची (गळती झालेली वीज जमिनीत नेणारी) वायर तुटली तरी दिवे लागतात, पंखे फिरतात, गिझर पाणी तापवतो. विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण (आरसीसीबी) बोर्डात नसले किंवा निकामी झाले असले, तरी वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. वॉशिंग मशीनच्या आतली एखादी सोललेली वायर ज्या दिवशी तिच्या पत्र्याला टेकते त्या दिवशी ही उणीव उघड होते, आणि तेव्हा तिची किंमत मशीनला हात लावणारा माणूस मोजतो. म्हणून ‘सगळे चालू आहे, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हा समज बाजूला ठेवून, संरक्षणाची साधने खरोखर काम करतात की नाही हे मुद्दाम तपासून घ्यावे, एवढाच आग्रह मी पुढच्या प्रत्येक पायरीवर धरणार आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत या आग्रहाला अधिक अर्थ आहे. खाडीवरून येणाऱ्या दमट, खाऱ्या हवेमुळे स्विचबोर्डातले स्क्रू, पितळी पट्ट्या आणि अर्थिंगचे जोड लवकर गंजतात; त्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल धरते. नौपाडा, वर्तकनगरमधल्या जुन्या इमारतींचे किंवा वाशी, नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतींचे वायरिंग झाले तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि फार तर एक फ्रिज असे. आज त्याच वायरींवर दोन एसी, गिझर, इंडक्शन शेगडी आणि वॉशिंग मशीन चालते. ऐरोली, घणसोली यांसारख्या गावठाणांत घरांवर मजले चढत गेले आणि पूर्वी डोक्यावरून उंच जाणाऱ्या तारा काही ठिकाणी गॅलरीच्या हाताशी आल्या.

आपल्या घरात वीज २३० व्होल्ट दाबाने आणि ५० हर्ट्झ वारंवारतेने येते. शरीरातून साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह गेला की झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह काही काळ टिकला तर श्वास अडकण्याची आणि हृदयाचे ठोके बिघडण्याची शक्यता वाढत जाते. ९ वॅटचा साधा एलईडी दिवाही सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाचा जीव घ्यायला पुरेसा प्रवाह म्हणजे इतकी लहान गोष्ट आहे, हे लक्षात आले की पुढच्या पायऱ्यांचे कारण आपोआप कळते.

पहिली पायरी: वीज कोठून येते आणि कोठे बंद होते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे

इमारतीच्या मीटर रूमपासून आपल्या बोर्डापर्यंतचा मार्ग एकदा स्वतः चालून पाहावा. सर्वसाधारणपणे मीटरपर्यंतची यंत्रणा वीज कंपनीची आणि मीटरच्या पुढची ग्राहकाची जबाबदारी असते. म्हणजे घरातल्या वायरिंगच्या सुरक्षिततेसाठी आपणच उत्तरदायी असतो. ठाणे आणि नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी महावितरणचा पुरवठा आहे, तर मुंब्रा, कळवा आणि शिळ परिसरात वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे आहे. मीटर रूममध्ये आपल्या मीटरजवळचा मेन स्विच कोणता, ते ओळखून त्यावर सदनिकेचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा. घरातल्या बोर्डावर प्रत्येक एमसीबीखाली (जास्त प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणाऱ्या खटक्याखाली) तो कोणत्या खोलीचा किंवा कोणत्या उपकरणाचा आहे याची चिठ्ठी लावावी. आजी-आजोबांना आणि शाळकरी मुलांनाही मेन स्विच पाडता (बंद करता) आला पाहिजे; बोर्ड माळ्याजवळ, कपाटामागे किंवा पडद्याआड असेल तर तेथपर्यंतची वाट मोकळी करावी.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही वायरींमध्ये वीज शिल्लक राहते. गच्चीवरच्या सौर पॅनेलच्या बाबतीतही पॅनेलपासून येणाऱ्या वायरी उन्हात जिवंतच असतात. त्यामुळे मेनजवळच ‘इन्व्हर्टरही बंद करा’ अशी ठळक सूचना लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी आणि दर महिन्याला तपासावी

या संपूर्ण लेखातले एकच काम करायचे ठरवले, तर ते हे करावे. बोर्डातला एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतो. तो वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, आणि शॉक लागलेल्या माणसाच्या शरीरातून त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका प्रवाह गेला तरी तो एमसीबी जागचा हलणार नाही. आरसीसीबी मात्र वेगळे काम करते. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) परत आला की नाही, हे ती सतत पाहते. त्यात फरक पडला, म्हणजे काही प्रवाह माणसाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, की ती क्षणार्धात दोन्ही वायरी तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेचीच घ्यावी. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात, पण त्या मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. त्यांच्यावर माणसाच्या जिवाचा भरवसा ठेवता येत नाही. अनेक जण अजूनही तिला ईएलसीबी म्हणून मागतात, त्यामुळे खरेदी करताना उपकरणावर ‘३० मिलिअँपिअर’ हा आकडा आणि आयएस १२६४० हे भारतीय मानक छापले आहे का, ते पाहावे. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, संगणक अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणे असलेल्या घरात ‘एसी’ प्रकाराऐवजी (हे आरसीसीबीच्या प्रकाराचे नाव आहे, एअर कंडिशनर नव्हे) ‘ए’ प्रकारची आरसीसीबी घ्यावी, कारण अशा उपकरणांतली तुटक डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) स्वरूपाची गळती पहिल्या प्रकाराला नीट ओळखता येत नाही.

साध्या आरसीसीबीला जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट कळत नाही. म्हणून तिच्याबरोबर एमसीबी हवाच, आणि तिची अँपिअर क्षमता तिच्या आधीच्या एमसीबीपेक्षा कमी नसावी. दोन्ही कामे एकत्र करणारी आरसीबीओ हा थोडा महाग पण उत्तम पर्याय आहे. गिझर आणि वॉशिंग मशीनला स्वतंत्र आरसीबीओ दिली, तर एका उपकरणातल्या दोषामुळे सगळे घर अंधारात जात नाही.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असते. पुरवठा चालू असताना ते दाबले की खटका लगेच पडला पाहिजे. वीजबिल भरण्याच्या दिवशीच हे बटण दाबण्याची सवय लावली तर ते विसरले जात नाही. बटण दाबूनही खटका पडला नाही, तर आरसीसीबी त्वरित बदलावी. मात्र या बटणाने केवळ आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, घराचे अर्थिंग नव्हे. त्यासाठी पुढची पायरी स्वतंत्रपणे करावी लागते.

जुन्या घरात नवी आरसीसीबी बसवली की ती वारंवार पडते, आणि कंटाळून कोणीतरी तिला बगल देऊन वायर थेट जोडतो. हे कदापि होऊ देऊ नये. ती पडते आहे, याचा बहुतेक वेळा अर्थ एवढाच की घरात आधीपासून असलेली गळती आज पहिल्यांदा पकडली गेली. शोधण्याची रीत साधी आहे. सगळी उपकरणे स्विचने बंद करून थांबू नये, प्लग सॉकेटमधून काढावेत. सगळे एमसीबी पाडावेत. आरसीसीबी चालू करून मग एकेक एमसीबी चढवावा. ज्या एमसीबीला ती पडते, त्या मार्गावर फेजची गळती आहे. सगळे एमसीबी पाडूनही ती टिकत नसेल, तर बहुधा कोठेतरी न्यूट्रल अर्थला किंवा ओल्या भिंतीला टेकला आहे, कारण साधा एकपदरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. दोन मार्गांचे न्यूट्रल एकत्र गुंफलेले असले तरीही आरसीसीबी पडत राहते, आणि जुन्या वायरिंगमध्ये हा प्रकार बराच आढळतो. एमसीबी चढवल्यावर सर्व ठीक राहिले, तर उपकरणे एकेक करून जोडावीत. गिझरची कॉइल, वॉशिंग मशीन आणि पावसात भिजणारा गॅलरीतला दिवा यांच्यापासून शोध सुरू करावा.

तिसरी पायरी: अर्थिंग आहे असे गृहीत न धरता ते मोजून घ्यावे

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. उपकरणाच्या पत्र्यावर वीज उतरली, तर तिला माणसाखेरीज दुसरी सोपी वाट देणे आणि मोठा प्रवाह वाहू देऊन एमसीबी पाडणे हे या वायरीचे काम आहे. ती पिन तोडून दोन भोकांच्या सॉकेटमध्ये प्लग बसवणे म्हणजे हे सगळे संरक्षण काढून टाकणे होय.

अर्थिंगची तपासणी कशी होते, हे थोडे खोलात पाहणे आवश्यक आहे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे मीटर) लावून २३० व्होल्ट दिसले की ‘अर्थिंग चांगले आहे’ असे सांगितले जाते. पण मल्टिमीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही. त्यामुळे अर्थचा जोड गंजून एका धाग्यावर आलेला असला तरी तो २३० च दाखवतो. खरा प्रश्न दोषाच्या वेळी त्या वाटेने किती प्रवाह वाहू शकेल हा आहे. १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी खात्रीने तत्काळ पडण्यासाठी त्याच्या दहापट, म्हणजे १६० अँपिअर प्रवाह लागतो. २३० व्होल्टवर तेवढा प्रवाह येण्यासाठी दोषाच्या संपूर्ण वाटेचा रोध सुमारे १.४ ओहमपेक्षा कमी हवा. ‘बी’ प्रकारच्या एमसीबीला पाचपट प्रवाह पुरतो, म्हणून तेथे ही मर्यादा सुमारे २.८ ओहम येते. हा रोध लूप इम्पिडन्स टेस्टर नावाच्या उपकरणाने प्रत्येक सॉकेटवर मोजता येतो. आपल्या वायरमनकडे ते नसेल तर असलेल्याला बोलवावे आणि आकडे कागदावर मागावेत. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर अर्थिंग काहीसे कमजोर असूनही ती वेळेवर पडते, हा तिचा मोठा आधार आहे. तरी दोन्ही असावेत, कारण आरसीसीबी हे यंत्र आहे आणि यंत्र अडकू शकते.

जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला जोडलेली आढळते. पुढे दुरुस्तीत ते पाइप काढून प्लॅस्टिकचे बसवले जातात, आणि नळ बदलणाऱ्याला किंवा घरमालकाला कल्पनाही नसताना संपूर्ण घराचे अर्थिंग नाहीसे होते. आपल्या इमारतीत पाण्याच्या वाहिन्या बदलल्या असतील, तर या एका गोष्टीसाठी तरी तपासणी करून घ्यावी. दुसरा गैरप्रकार याहून वाईट आहे: सॉकेटमध्ये अर्थची वायर आलेलीच नसते, म्हणून न्यूट्रलमधून छोटा तुकडा काढून अर्थच्या भोकाला जोडला जातो. अशा घरात कोठेही न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाचा पत्रा २३० व्होल्टवर जातो. सॉकेट उघडल्यावर असा तुकडा दिसला, तर तो मार्ग त्याच दिवशी बंद करावा.

चौथी पायरी: वायर, सॉकेट आणि भार यांचा मेळ घालावा

घरगुती वायरिंगमध्ये दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटर आणि गिझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर वापरण्याची रीत आहे. २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा १३. ही उपकरणे ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नयेत; इंडक्शन शेगडी आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेन्शनवर लावणे तर स्वयंपाकघरातल्या आगीला आमंत्रण आहे. एमसीबी वारंवार पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे हा उपाय नव्हे. वायर तीच राहिली, तर आता एमसीबी पडण्याऐवजी वायर तापेल, आणि ती भिंतीच्या आत तापेल. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळण्याचा परिणामही हाच होतो.

तापलेला प्लग, पिवळा पडलेला सॉकेट, जळका वास, स्विच दाबताना होणारी चरचर यांपैकी काहीही आढळले तर तो जोड सैल आहे असे समजावे. घरातल्या विजेच्या आगींचे एक मोठे मूळ असे सैल जोड आहेत: तेथे प्रवाह नेहमीएवढाच असतो, म्हणून एमसीबीला काही कळत नाही, पण उष्णता एका टिंबावर साठत जाते.

वायरिंगमध्ये भर घालणे किंवा बदल करणे हे काम नियमांनुसार परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे असते. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज तशाच क्षमतेने बदलणे एवढी मुभा घरच्यांना आहे, आणि तीसुद्धा मेन पाडून. काम संपल्यावर ठेकेदाराकडून चाचणी अहवाल मागावा. वायरींच्या आवरणाची तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) होते आणि तिचे वाचन किमान १ मेगाओहम असावे लागते.

पाचवी पायरी: पाण्याच्या जागा

न्हाणीघरात स्विच आणि सॉकेट पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा उंचीवर आणि अंतरावर असावेत. गिझरचा स्विच बाहेर असणे उत्तम. बादलीत पाणी तापवण्याचा रॉड माझ्या मते घरात नसलेलाच बरा. एकट्याने राहणारे विद्यार्थी आणि कामगार भाड्याच्या खोल्यांत तो सर्रास वापरतात, पाणी तापले का हे बोट घालून पाहतात, आणि त्या खोल्यांत आरसीसीबी क्वचितच असते. वापरावाच लागला तर बादली प्लॅस्टिकची असावी, स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला किंवा रॉडला हात लावू नये, आणि रॉड चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नये. मिक्सर, इस्त्री आणि फ्रिजला ओल्या हाताने किंवा ओल्या लादीवर अनवाणी उभे राहून हात लावू नये. मुलांसाठी झाकणीचे सॉकेट घ्यावेत.

सहावी पायरी: सोसायटीच्या सामाईक जागा

सदनिकेतले वायरिंग कितीही चांगले असले, तरी मीटर रूममधला एक सैल स्क्रू ते व्यर्थ करू शकतो. इमारतीला तीन फेजचा पुरवठा येतो आणि घरे त्या तीन फेजांवर वाटलेली असतात. सर्वांचा सामाईक न्यूट्रल जर मीटर रूममध्ये किंवा फीडर पिलरमध्ये (रस्त्याकडेच्या वीजवाटप पेटीत) सुटला, तर वेगवेगळ्या फेजांवरची घरे एकमेकांशी ४०० व्होल्टवर जोडली जातात. ज्या घरात कमी उपकरणे चालू असतात तेथे दाब ३०० च्याही पुढे जातो. त्याची खूण अशी, की एका घरात दिवे अचानक प्रखर होतात आणि शेजारच्या घरात त्याच वेळी मंद. असे दिसताच कोणाचीही वाट न पाहता मेन पाडावा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगावे आणि वीज कंपनीला कळवावे. टीव्ही, फ्रिज तर जळतातच, पण आगही लागू शकते.

समितीने वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, परवानाधारक ठेकेदाराकडून मीटर रूममधले सर्व जोड आवळून घ्यावेत, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तापणारे जोड शोधावेत आणि अर्थ पिटचा (अर्थिंगच्या जमिनीतल्या खड्ड्याचा) रोध मोजून नोंदवावा. मीटर रूममध्ये सायकली, रंगाचे डबे, मंडपाचे कापड ठेवू नये. ही खोली बहुधा तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी असते. तेथे लागलेल्या आगीचा धूर जिन्याने वर चढतो आणि वरच्या मजल्यांची बाहेर पडण्याची वाटच बंद होते. या कारणासाठी मीटर रूम रिकामी ठेवण्याबाबत समितीने कोणाचीही भीड बाळगू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. तेव्हाच मीटर रूमही पाहून घेता येते.

विजेवरच्या गाड्यांमुळे पार्किंगमध्ये नवा धोका आला आहे. ३.३ किलोवॉटचा साधा चार्जर सुमारे १५ अँपिअर प्रवाह सलग कित्येक तास घेतो, आणि पार्किंगमधल्या दिव्याच्या बोर्डातून काढलेल्या वायरीला तो झेपत नाही. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि त्या चार्जरच्या निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारची आरसीसीबी द्यावी. दुचाकीची बॅटरी घरात आणून दाराजवळ रात्रभर चार्ज करू नये, कारण ती पेटली तर बाहेर पडण्याचा मार्गच अडतो.

सातवी पायरी: पावसाळा आणि घराबाहेरची वीज

पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याच्या धातूच्या तारेतून वीज उतरून अपघात होतात. दोरी नायलॉनची किंवा सुती असावी. धातूची तार वीजखांबाला, त्याच्या ताणाच्या तारेला, पत्र्याच्या शेडला किंवा विजेची वायर जाणाऱ्या खिडकीच्या ग्रिलला कधीही बांधू नये. गावठाणात सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी) पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर तिचे आवरण वाऱ्याने हळूहळू सोलले जाते. पावसाळ्यापूर्वी ती दाखवून दुरुस्त करून घ्यावी. शिडी ॲल्युमिनियमची असेल आणि जवळून ११ किंवा २२ किलोव्होल्टची वाहिनी जात असेल, तर तेथे रंगाचे किंवा होर्डिंगचे काम वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय करू नये. अशा तारेला प्रत्यक्ष स्पर्श होण्याचीही गरज नसते; पुरेसे जवळ गेले की वीज हवेतून उडी घेते.

रस्त्यावर तार तुटून पडलेली दिसली तर ती मृत आहे असे मानू नये. किमान दहा मीटर दूर थांबावे, इतरांनाही थांबवावे आणि १९१२ किंवा महावितरणच्या १८००-२३३-३४३५ या क्रमांकावर कळवावे. पडलेल्या तारेभोवती जमिनीवरही दाब पसरतो आणि दोन पावलांमधल्या फरकानेसुद्धा शॉक बसू शकतो. आपण आधीच जवळ असू, तर पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता, थोडे थोडे सरकत बाहेर यावे. साचलेल्या पाण्यात फीडर पिलर किंवा डीपी बुडाली असेल तर त्या पाण्यात उतरू नये. घरात पाणी शिरू लागले आणि मेनपर्यंत कोरड्याने पोहोचता येत असेल तरच तो पाडावा. पाणी ओसरल्यावर भिजलेले बोर्ड आणि उपकरणे तपासून घेईपर्यंत वीज चालू करू नये. २६ जुलै २००५ च्या पुरासारखी वेळ आली तर चिखल काढण्याच्या घाईत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

गणेशोत्सवाच्या आणि नवरात्रीच्या मंडपासाठी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, तिच्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी, लोखंडी कमानींना अर्थ द्यावा आणि वायरींचे जोड जमिनीवर न ठेवता उंच, झाकून ठेवावेत. घराच्या आकाशकंदिलाच्या माळेलाही उघडे जोड नसावेत.

आठवी पायरी: कारखाना, गाळा, दुकान आणि कार्यालय

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे येथील लहान गाळ्यांत विजेचा अपघात बहुधा दुरुस्तीच्या वेळी होतो. मशीन बंद करून कोणी आत हात घालतो आणि पलीकडून दुसरा, त्याला काही माहीत नसल्यामुळे, स्विच चढवतो. यावर खात्रीचा उपाय एकच आहे: ज्याने काम करायचे त्याने मेन आयसोलेटर (मशीनचा पुरवठा तोडणारा मुख्य स्विच) पाडून त्याला स्वतःचे कुलूप लावावे, आपल्या नावाचा फलक अडकवावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. तीन माणसे काम करत असतील तर तीन कुलपे लावावीत. त्यानंतर टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो चालतो का हे पाहावे, मग बंद केलेल्या जागी लावावा, आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावावा. निऑनचा पेनासारखा टेस्टर या कामाला पुरेसा नाही. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही असे सिद्ध होत नाही. मालकाने कुलपांचा हा संच पहिल्याच दिवशी विकत घ्यावा. त्याचा खर्च कोणत्याही गाळ्याला परवडेल इतका कमी आहे आणि ‘आमच्याकडे दोनच माणसे आहेत’ ही सबब मला मान्य नाही, कारण अपघातालाही दोनच माणसे लागतात.

पॅनेलसमोर किमान १ मीटर जागा मोकळी हवी, जमिनीवर आयएस १५६५२ मानकाची रबरी चटई हवी आणि शॉक लागल्यावरच्या उपचारांचा तक्ता मराठीत व कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावलेला हवा. हातात धरायच्या ग्राइंडर आणि ड्रिलची केबल रोज पाहावी. चिकटपट्टी गुंडाळून तिचे आयुष्य वाढवू नये. वेल्डिंगची परतीची केबल कामाच्या तुकड्यालाच, जवळ जोडावी. इमारतीच्या लोखंडी सांगाड्याला जोडू नये. पावसाळ्यात घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी इलेक्ट्रोड बदलणे धोक्याचे असते, म्हणून कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवावा. रासायनिक कारखान्यांत टाकी, खड्डा किंवा मोठ्या नळीच्या आत काम करताना, पुरेशी सुरक्षा साधने दिलेली नसतील तर, २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेऊ नये; २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्येही तशी मनाई होती. ज्वालाग्राही वाफ असण्याची शक्यता असेल तेथे दिवाही ज्वालारोधक बांधणीचाच हवा. जनरेटर असेल तर त्याची आणि महावितरणची वीज एकमेकांत मिसळणार नाही असा चेंजओव्हर स्विच अनिवार्य आहे, अन्यथा बंद समजून खांबावर चढलेल्या जनमित्राच्या (महावितरणच्या लाइनमनच्या) हाती आपल्या जनरेटरची वीज जाते.

कार्यालयांत धोका कमी पण विखुरलेला असतो: टेबलाखाली एकातून एक काढलेले एक्स्टेन्शन, यूपीएसच्या मागे साठलेली धूळ, पॅन्ट्रीतली किटली. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी शटर ओढण्यापूर्वी मेन पाडण्याची पद्धत ठेवावी आणि फ्रीजरसारखे चालू ठेवायचे उपकरण स्वतंत्र मार्गावर घ्यावे. आगीसाठी कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक ठेवावा. वीज चालू असताना आगीवर पाणी मारू नये.

नववी पायरी: शॉक लागलाच तर

ज्याला शॉक लागतो आहे त्याला हाताने ओढू नये. ओढणाराही त्यात अडकतो. सर्वांत आधी मेन पाडावा किंवा प्लग काढावा. ते शक्य नसेल आणि घरगुती दाबाची वीज असेल, तर कोरड्या फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या पाटावर उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने अथवा पीव्हीसी पाइपने वायर बाजूला सारावी. उच्च दाबाच्या तारेच्या बाबतीत काठीसुद्धा वापरू नये. वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याचे कळवेपर्यंत दूरच थांबावे.

माणूस सुटल्यावर हाक मारून पाहावे. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे: छातीच्या मधोमध, तळहाताच्या टाचेने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. प्रशिक्षण असेल तर प्रत्येक ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. नसेल तर दाब थांबवू नयेत. रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने हे चालू ठेवावे. भाजलेल्या जागेवर हळद, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये. माणूस उठून बसला आणि ‘आता बरे वाटते’ म्हणाला, तरी मोठा झटका बसला असेल, बेशुद्धी आली असेल किंवा छातीत धडधडत असेल तर रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

कामाच्या जागी असा अपघात झाला तर जखमीला हलवल्यानंतर ते मशीन आणि तो बोर्ड आहे त्याच स्थितीत, बंद करून, कुलूप लावून ठेवावा. प्राणहानी झाली असेल तर ती कळल्यापासून २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकांना सूचना द्यावी लागते, आणि जीवघेण्या किंवा इतर कोणत्याही विद्युत अपघाताचा लेखी अहवाल ४८ तासांच्या आत पाठवावा लागतो. हा अहवाल लिहिताना वायरिंगच्या शेवटच्या तपासणीची तारीख, लूप इम्पिडन्सचे आकडे आणि आरसीसीबीच्या मासिक चाचणीची नोंदवही हाताशी असावी. ही वही आजच सुरू करावी, पॅनेलशेजारी दोरीने बांधून ठेवावी आणि तपासणाऱ्याने प्रत्येक वेळी तारीख घालून सही करावी.